चुंबकवाल्यांचे तास

शिलाईच्या दुकानात चिंध्या कधी संपत नाहीत. रोज झाडतो, रोज जमतात. आमच्या मंडळींच्या किश्श्यांचंही तसंच आहे. एखादा सांगून मोकळं व्हावं, आता टेबलाखाली काही उरलं नाही म्हणावं, तर पुढच्या रविवारी कोणीतरी नवीन चिंधी टाकून जातो. आणि आमची मंडळी साधीसुधी नाहीत. प्रत्येकाच्या डोक्यात लोहचुंबक आहे!

थट्टा नाही, खरंच आहे. कान पार गेलेल्या माणसाच्या कवटीत डॉक्टर ऑपरेशन करून एक तुकडा बसवतात, त्यात चुंबक असतं. बाहेरून कोटाच्या बटणाएवढी चकती त्या जागेवर टचकन चिकटते, आणि तिची वायर कानावरच्या यंत्राला जाते. डॉक्टर त्याला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. आम्ही नुसतं 'मशीन' म्हणतो. मालेगावच्या बाजारात, म्हणजे आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या, आम्हाला 'चुंबकवाले' म्हणतात.

आम्ही चौघं. मी टेलर, बस स्टँडच्या मागे माझं दुकान. शिरपूर जैनचे प्रल्हादभाऊ, शेती करतात. सुमनताई, मालेगावच्या कडेला त्यांचा भाजीपाला. आणि कामरगावचे रिटायर गुरुजी. दर रविवारी सगळे माझ्या दुकानात जमतात. चहा माझा, तक्रारी ज्याच्या त्याच्या.

तक्रारींचं मूळ एकच. अकोल्याच्या मॅडम, ज्या आमची मशीनं तपासतात, त्यांचा एकच हेका, "उठल्यापासून झोपेपर्यंत मशीन डोक्यावर पाहिजे." रोज लावलं तरच मेंदूला आवाजाची सवय होते म्हणे. आणि लावलं की नाही ते मशीन स्वतः लिहून ठेवतं! मॅडमनी कॉम्प्युटरला जोडलं की रोजचे तास पडद्यावर. बायकोला थाप मारता येते, डॉक्टरलाही मारता येते. पण जी वस्तू आपल्याच डोक्यावर बसून आपली चुगली करते, तिला काय थाप मारणार?

*

दुसऱ्यांचं उणंदुणं काढण्याआधी माझं सांगतो.

मशीन नवीन होतं तेव्हा मला शिलाई मशीनचा आवाज सहन होत नव्हता. वीस वर्षं जिच्यावर पोट भरलं ती अशी कडाकडा भांडते, हे मला माहीतच नव्हतं. मग मी काय करायचो, शिवायला बसलो की चकती काढून टेबलावर ठेवायचो. उठताना पाहावं तर तिला सुया, टाचण्या, हूक सगळे लटकलेले. मी ते एकेक सोडवत बसायचो आणि गिऱ्हाईक समोर ताटकळत.

एक दिवस चकती गायब! यंत्र, वायर, सगळंच नाही. मी टेबल हलवलं, कपड्यांचे गठ्ठे उपसले. शेजारचा चप्पलवाला आला, समोरचा पानवाला आला. मी बहिरा ठार, ते काय विचारतात कळेना, पण मी हातवारे करून सगळ्यांना कामाला लावलं. तू तिकडे पाहा, तू मशीनखाली पाहा, तू नालीत पाहा! अर्धा तास निम्मा बाजार माझा कान शोधत होता.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. दारातच थांबली. माझ्या हाताकडे पाहिलं आणि सावकाश, ओठ वाचता येतील असं म्हणाली, "कात्रीचे कान कधी टोचले?"

ज्या कात्रीने मी अर्धा तास सगळ्यांना दिशा दाखवत होतो, तिच्याच पात्याला मशीन लटकलेलं होतं.

*

आता प्रल्हादभाऊ. हे जपून ऐका, कारण आमच्या मंडळींचा खरा जीव यांच्यातच अडकला होता.

प्रल्हादभाऊंचे कान दहा वर्षांपूर्वी हळूहळू गेले. बायको चार वर्षांपूर्वी वारली. घरात ते आणि मुलगी उज्ज्वला, दोघंच. पोरगी शाळेत होती तेव्हापासून बापाचा कान तीच. बँकेत ती, रेशन दुकानात ती, सोयऱ्याधायऱ्यांत ती. कोणी काही बोललं की प्रल्हादभाऊ मान वळवून पोरीच्या तोंडाकडे पाहायचे आणि ती ते शब्द ओठांनी पुन्हा बोलून दाखवायची. दुसऱ्या कोणाचे ओठ त्यांना वाचता येत नव्हते. शिकायची गरजच पडली नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. पण मशीन काही डोक्यावर टिकेना. ऊन, घाम, वावरातली धूळ, हजार कारणं. पहिल्या तपासणीला मॅडमनी चांगलंच झापलं, "बाबा, तास वाढले पाहिजेत!"

प्रल्हादभाऊंनी तास वाढवले. रोज सकाळी वावरात जाताना घरातला टीव्ही लावायचा, चकती लोखंडी कपाटाला चिकटवायची, टीव्हीच्या अगदी समोर, आणि दाराला कुलूप लावून निघून जायचं. दिवसभर बंद घरात मशीन एकटं बसून बातम्या, कीर्तन आणि सासू-सुनांची भांडणं ऐकत होतं.

पुढच्या तपासणीला मोठ्या तोऱ्यात गेले. मॅडमनी कॉम्प्युटर पाहिला, चष्मा काढला, परत घातला.

"बाबा, मशीन रोज बारा तास चालू होतं."

"हो ना!"

"पण त्यात डोकं फक्त वीस मिनिटं होतं. बाकीचा वेळ डोकं कुठं होतं?"

प्रल्हादभाऊंनी सवयीप्रमाणे पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. तिने प्रश्न ओठांनी सांगितला. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "वावरात!"

हसून झालं असेल तर पुढचं ऐका. उज्ज्वला नर्स आहे, मालेगावात एका खाजगी दवाखान्यात जायची. रोज सकाळी जीपने यायची आणि संध्याकाळी सहाला परत. तिला नाशिकच्या मोठ्या दवाखान्यातून ऑर्डर आली. पगार दुप्पट, राहायची सोय, दोन महिन्यांनी हजर व्हायचं. पोरगी माझ्या दुकानात येऊन बसली आणि म्हणाली, "काका, बाबाले असं ठेवून मी कशी जाऊ? पुढच्या तपासणीत रोजचे आठ तास भरले तं जाईन. नाई भरले तं ऑर्डर वापस."

म्हणजे पोरीची नोकरी आता बापाच्या डोक्यावर लटकलेली होती, तीही चुंबकाने! आम्ही तिघांनी पण केला, प्रल्हादभाऊंचे आठ तास भरवायचेच.

*

आता असा पण करणाऱ्यांचे स्वतःचे तास किती, ते पाहा.

सुमनताईंनी मशीन घेतलं आणि लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवून दिलं. एवढी महागाची वस्तू रोज लावायची? वांग्याच्या वाफ्यात? मॅडमनी विचारलं, "ताई, तीन महिन्यांत अकरा तास?"

सुमनताई फुशारकीने म्हणाल्या, "दोन लग्नं अन् एक बारसं! पाहा ना, कसं नव्यासारखं ठेवलं!"

खरी भीती वेगळी होती. वाफ्यात वाकलं की मशीन चिखलात पडेल. मग माझी टेलरकी कामाला आली. मी एक बारीक गोफ शिवून दिला, एक टोक मशीनला, दुसरं ब्लाऊजच्या खांद्याला चिमट्याने. पडलं तरी लोंबकळत राहील. त्या दिवसापासून बाई सकाळी मेथीच्या जुड्या बांधताना मशीन लावायला लागल्या. आम्ही प्रल्हादभाऊंना त्यांचा दाखला द्यायचो, "पाहा, ताईचे तास दहावर गेले!"

पुढच्या तपासणीला मॅडम पुन्हा काळजीत. "ताई, तास छान आहेत. पण चकती रोज साठ-साठ वेळा डोक्यावरून निघते. चुंबक ढिलं झालं का?"

"नाई मॅडम, चुंबक मस्त हाये."

"मग साठ वेळा कशी निघते?"

"मीच काढते ना. बाजारात बसली का एकदा भाव सांगतला, मशीन काढलं. गिऱ्हाईक घासाघीस करून दमलं का लावलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी तं साठात भागत नाई!"

मालेगावात आता सुमनताईंकडे कोणी भाव करत नाही. कानाकडे हात गेला की लोक गुपचूप पैसे काढतात.

*

गुरुजींची अडचण घामाची नव्हती, चिखलाची नव्हती. इभ्रतीची होती. तीस वर्षं पोरांचे कान पिळलेला माणूस, त्याला स्वतःचा कान चार लोकांत दाखवायची लाज. मशीनवर पांढरी टोपी दाबून घालायचे. टोपीने चकती सरकायची, आवाज जायचा, पण टोपी निघायची नाही. कामरगावात वर्षभर कोणाला पत्ता नव्हता. गुरुजींना पुन्हा ऐकू येतं, हा कोणत्या तरी काढ्याचा गुण असं लोक समजत होते. दोघा-तिघांनी तर काढाही विचारून नेला!

माझ्या साळ्याच्या पोराचं लग्न होतं. गुरुजी आले. मंडपात ही उकाड्याची तलखी. जेवताना त्यांनी टोपी काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली, टोपीला अडकून मशीनही निघालं, आणि हात धुऊन येईपर्यंत टोपी गेली. मंडपात पन्नास तरी पांढऱ्या टोप्या. कोणीतरी आपली समजून घातली होती.

गुरुजी माझ्याकडे आले. चेहरा पांढराफटक. माझ्या कानाजवळ तोंड आणून कुजबुजले, "मास्टर, माझं मशीन कोणाच्या तरी टोपीत गेलं. गुपचूप शोधा. गावाला कळता कामा नये."

म्हणजे, ते कुजबुजले असं त्यांना वाटलं. मशीन नसलं की आम्हाला आमचा आवाज कळत नाही. ते वाक्य मंडपात, स्टेजवर आणि मागच्या बाजूला बुंदी पाडणाऱ्या आचाऱ्यापर्यंत सगळीकडे खणखणीत ऐकू गेलं.

माइकवाल्या पोऱ्याने लगेच मदतीला धावून माइक हातात घेतला, "सर्व पाहुण्यांना सूचना! कामरगावच्या गुरुजींचा कान हरवला आहे. कोणाच्या टोपीत निघाल्यास स्टेजजवळ आणून द्यावा!"

पन्नास माणसांनी एकदम टोप्या काढल्या. असा मान आमच्याकडे आजवर कोणत्या पुढाऱ्यालाही मिळालेला नाही. कान निघाला नवरदेवाच्या मामाच्या टोपीत. मामा डोकं खाजवत म्हणाले, "तरीच म्हनलं, टोपी आज टोचून कायले राह्यली!"

झाकायला काही उरलंच नाही म्हटल्यावर गुरुजींनी टोपी सोडली. दुसऱ्या दिवसापासून रोज तेरा तास! आणि मग या नव्या जोमात ते प्रल्हादभाऊंच्या मागे लागले, शाळेतल्यासारखे. वहीत तक्ता आखून दिला. वार, वेळ, तास, पालकाची सही.

*

पालकाची सही म्हणजे उज्ज्वलाची. आणि तक्ता कोरा!

दर रविवारी प्रल्हादभाऊ पोरीला सोबत घेऊन नवीन कारण आणायचे. मशीन लावलं की जांभया येतात. मशीन लावलं की डाव्या पायाला मुंग्या येतात. गांधीलमाशी त्याच्यावर बसायला पाहते. एकदा तर म्हणाले, "चार्जिंग नाई झाली. मोबाईल लावला होता." म्हटलं, मग मोबाईलवर बोललात कोणाशी? म्हणे, "कोनाशीच नाई. मले ऐकू येते का?"

उज्ज्वलाचा चेहरा दर आठवड्याला उतरत चाललेला. तीही सांगायची, "काका, मी घरी येते तं रोज मशीन खिशात. एक दिवस डोक्यावर दिसलं नाई." तपासणीची तारीख प्रल्हादभाऊंनी दोनदा पुढे ढकलली. एकदा तुरीवर फवारणी, एकदा पाहुणे. नाशिकची तारीख काही ढकलली जाणार नव्हती.

शेवटी त्यांनी हुकमाचा पत्ता टाकला, "मशीनचा हिरवा लाइट पाहून बैल बुजते!"

गुरुजी म्हणाले, "मास्टर, जाऊन पाहून या. शास्त्रीय तपासणी झाली पाहिजे."

आता एका टेलरने बैलाची काय शास्त्रीय तपासणी करायची? पण गेलो. शिरपूरला उतरलो आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास त्यांच्या गोठ्यावर पोचलो. प्रल्हादभाऊ पाठमोरे बसून वैरण टाकत होते. डोक्यावर मशीन! हिरवा लाइट बैलांच्या तोंडासमोर लुकलुकतोय आणि बैल निवांत रवंथ करताहेत.

मी अजून काही बोललोही नव्हतो, नुसती चप्पल वाजली असेल. मान न वळवता ते म्हणाले, "कोन हाये? ये ना, बस."

मी समोर जाऊन उभा राहिलो. माणूस चोरी करताना सापडावा तसे दिसले.

"दिवसभर लावता?" मी विचारलं.

"लावतो," ते म्हणाले. "सवय लागली बापा. आता त्याच्याबिगर करमतच नाई. पाखरं ऐकू येते, मोटर ऐकू येते. भावाच्या घरी काय भांडन चालू हाये, सारं समजते."

"अहो, मग पोरीला काहून सांगत नाही?"

त्यांनी वैरण खाली ठेवली. "टेलर, मशीन लावलं ना, का लोकं पाठ करून बोलते. काम करता करता बोलते, आतल्या खोलीतून बोलते. पोरगी समोर बसून बोलते, माह्या तोंडाकडे पाहून. दहा साल झाले. ते गेली तं माह्या समोर बसून कोन बोलन?"

मीही बहिरा होतो, माझ्याशीही बायको समोर बसून बोलायची. मशीन आल्यापासून ती भाकऱ्या थापताना पाठमोरी बोलते, हे मला त्या गोठ्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि वाईट वाटलं.

तेवढ्यात प्रल्हादभाऊंनी मान तिरपी केली. "आली."

"कोण आली?" मला काहीही ऐकू आलं नव्हतं. माझंही मशीन डोक्यावरच होतं, बॅटरी फुल!

त्यांनी झटकन चकती काढली, मशीन बंडीच्या खिशात घातलं, वरून रुमाल कोंबला आणि हाताचा पंजा कानामागे धरून बसले. चांगल्या दोन मिनिटांनी वळणावर जीप दिसली. उज्ज्वला उतरली, थेट येऊन बापासमोर उकिडवी बसली आणि तोंड मोठं करून म्हणाली, "बाबा, च...हा ठेवू?"

प्रल्हादभाऊ तिच्या ओठांकडे असे पाहत होते की मी बैलांकडे पाहायला लागलो.

निघताना त्यांनी माझा दंड धरला, "कोनाले सांगतलं तं याद राख. शर्ट वाशीमले शिवीन!"

गुरुजींना मी अहवाल दिला, बैल बुजतात.

*

आठ दिवस उरले तेव्हा उज्ज्वलाने बापाला धरूनच अकोल्याला नेलं. माझीही तपासणी होती, मीही त्यांच्याबरोबर. दवाखान्याच्या दारात प्रल्हादभाऊंनी खिसे चाचपले आणि कपाळावर हात मारला, "मशीन तं घरीच राह्यलं! चला वापस."

उज्ज्वलाने पर्समधून मशीन काढलं आणि स्वतःच त्यांच्या डोक्यावर लावलं. सकाळी त्यांना ते तुरीच्या डब्यात लपवताना तिने पाहिलं होतं.

आत मॅडमनी मशीनला कॉम्प्युटरची वायर जोडली. प्रल्हादभाऊंचा हात हळूच कानाकडे गेला. "बाबा, हात लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या. आता पळायला वाट नव्हती. डोकं मशीनला, मशीन वायरला, वायर कॉम्प्युटरला! मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

"अरे वा!" मॅडम म्हणाल्या. "रोजचे साडेनऊ तास!"

"मॅडम, रेकॉर्ड चुकलं असन," उज्ज्वला म्हणाली. "मी रोज पाहते ना. मी घरी येते तं मशीन खिशात असते."

"रेकॉर्ड चुकत नाही. उलट इतकं चांगलं रेकॉर्ड मी पाहिलं नाही. सकाळी लावतात ते लावतात. दिवसातून फक्त एकदा काढतात. मग एकदम दुसऱ्या दिवशी सकाळी."

"एकदाच?"

"एकदाच. दिवस मावळायच्या सुमारास."

उज्ज्वलाने माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरवरचं पंचांग अगदी लक्ष देऊन वाचू लागलो. तिने बापाकडे पाहिलं. प्रल्हादभाऊ कॉम्प्युटरकडे असे टक लावून बसले होते जणू त्यात तुरीचा भाव येणार आहे.

मग पोरगी उठली. दरवेळी समोर बसायची ती या वेळी त्यांच्या खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली. तोंडाला ओढणी लावली. डोळे भरलेले होते, पण आवाज अगदी बारीक काढला, इतका की मला तो जेमतेम आला.

"बाबा, मी जाऊ?"

प्रल्हादभाऊंनी मान वळवली नाही. कॉम्प्युटरकडे पाहतच, ताबडतोब, जोरात म्हणाले,

"मले काई ऐकू नाई आलं!"

मॅडमच्या हातातला पेन खाली पडला. मी ओठ दाबून धरले. उज्ज्वला मागे तशीच उभी. थोड्या वेळाने तिने ओढणी तोंडावरून न काढता, आवाज आणखी बारीक करून विचारलं,

"शनिवारच्या गाडीनं जाऊ का सोमवारच्या?"

मग प्रल्हादभाऊ, मान न वळवता, म्हणाले,

"सोमवारच्या. शनिवारी अमावस्या हाये."